तुझा डावा डोळा

सुजाता, तुझ्या डोळ्याच्या औषधाची एक जादा बाटली अजून आमच्या फ्रिजच्या दारात आहे. तूच ठेवली होतीस, तुमच्याकडची वीज गेली तर सोय म्हणून. तुमची वीज गेली की आमचीही जातेच, दोन्ही घरं एकाच तारेवर, असं मी म्हटलं तर म्हणालीस, "बॅकअप असावा गं, लॉजिक नंतर बघू." काल चटणी काढताना ती बाटली हाताला लागली. मी उचलली, लेबल वाचलं आणि परत जागेवर ठेवली. काहीच वाटलं नाही.

हे तुला आधीच सांगून टाकते, मला सध्या काहीच वाटत नाही. मी ऑफिसला जाते, मीटिंगमध्ये बोलते, कुणी विनोद केला तर हसतेसुद्धा. तुझ्या अंत्यविधीला मी लोकांना पार्किंग कुठे करायचं ते सांगत उभी होते. लोक मिठी मारून रडत होते आणि मी त्यांच्या पाठीवर थोपटत होते. एका बाईंनी हळूच विचारलं, "डोळ्यामुळे काही झालं का हो?" मी सांगितलं, नाही, हृदय बंद पडलं, घरी, कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या. डोळ्याचा काही संबंध नाही. त्यांची जरा निराशा झाल्यासारखी वाटली. तुझ्याविषयी लोकांना एवढंच ठाऊक होतं ना, एका डोळ्याची सुजाता.

तो डोळा गेल्याचं आपल्याला कळलं तो दिवस मला तुझ्या जाण्याच्या दिवसापेक्षा स्पष्ट आठवतो. कॅरीत, आपल्या या अमेरिकेतल्या गावात, मार्च संपता संपता पाइनच्या परागांची पिवळी भुकटी उडायला लागते. गाड्या पिवळ्या, डेक पिवळा, कुत्र्यांचे पाय पिवळे. आपण इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये होतो, मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन तू माझ्या शेजारी बसली होतीस. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून तू तो हातानं झाकून चोळलास. मग अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "मेधा, उजव्यानं काही दिसत नाहीये." मला वाटलं चेष्टा करतेस. तू हात काढलास, परत झाकलास, परत काढलास. लहान मुलं खेळतात तसं. मेथी खाली पडली ती आपण दोघींनीही उचलली नाही.

काचबिंदू. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, डोळ्यातला दाब वाढला, मागची नस मेली, मेलेली नस परत येत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, दुसरा डोळा सगळं सांभाळून घेतो म्हणून कळतही नाही. डाव्यालाही थोडा मार बसलाय, पण तो वाचवता येईल. त्यांनी विचारलं, कधी स्टेरॉइड घेतलंय का? तू ठासून नाही म्हणालीस. तुझ्यासारख्या बाईवर कोण अविश्वास दाखवणार? रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या औषध कंपनीत क्वालिटीला, लेबलवरचा एक स्वल्पविराम चुकला म्हणून अख्खा लॉट अडवून ठेवणारी. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं, घरात जे जे वापरता ते सगळं घेऊन या. तू पर्स उलटी केलीस. पेनं, किल्ल्या, लवंगा, आणि आईनं पाठवलेले ते ड्रॉप.

ते आले कसे, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथल्या पहिल्याच वसंतात व्हिडिओ कॉलवर तू डोळे चोळताना आईंना दिसलीस. आईंनी नागपुरात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमधून ड्रॉप घेतले आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत घातले, शेवचिवड्याच्या पुड्यामध्ये, फुटू नयेत म्हणून मोज्यात गुंडाळून. थेंब पडला की खाज गायब. मग दर खेपेला चिवडा आणि मोजा. वर्षानुवर्षं. इथला डॉक्टर खोकल्यालाही प्रिस्क्रिप्शन मागतो, त्याच्यापुढे आईचा मोजा तुला किती आपला वाटला असेल ते मला समजतं. आमच्याही घरी पुण्याहून आलेल्या गोळ्यांचा डबा आहे. कुणाच्या घरी नाही?

डॉक्टरांनी बाटली फिरवून बारीक अक्षर वाचलं, स्टेरॉइडच्या नावावर बोट ठेवलं आणि ती तुझ्यासमोर ठेवली. तू वाचलंस. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणालीस, "आईनं पाठवलेलं कोण वाचत बसतं?"

गाडीत बसल्यावर तुझ्या गालावर अजून तपासणीसाठी डोळ्यात घातलेला पिवळा रंग ओघळलेला होता. मी टिश्यू दिला. तो हातात तसाच धरून तू म्हणालीस, "आईला कळता कामा नये. ती जगायची नाही."

"बरं."

"मिलिंदला पण नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही, तो त्याच्या ताईला सांगेल, ताई आईला."

"अगं, नवऱ्याला नाही सांगणार?"

"सांगेन काचबिंदू म्हणून. घराण्यातला असेल म्हणून. मेधा, माझी शपथ आहे तुला."

शपथबिपथ तू मानत नव्हतीस. तुमच्या घरात ती पद्धतच नव्हती, वडिलांनी लहानपणीच मोडून काढलेली. तरी तू घातलीस, आणि मी, एरवी शब्दाला शब्द वाढवणारी, मुकाट्यानं हो म्हणाले.

त्यानंतर तू तो डावा डोळा जसा सांभाळलास तसं मी कुणाला काही सांभाळताना पाहिलं नाही. रडारड नाही, नशिबाला बोल लावणं नाही. तू सरळ कामाला लागलीस. सकाळ-संध्याकाळचे ड्रॉप ठरल्या वेळी, मग पाहुणे असोत की भूकंप. बागेत, स्वयंपाकघरात, सगळीकडे न फुटणाऱ्या काचांचा चष्मा. फोडणीत मोहरी टाकताना तू कढईपासून अशी लांब उभी राहायचीस की निम्मी मोहरी शेगडीवर पडायची. मंडळाच्या योगवर्गात सगळे डोकं खाली करून उभे आणि तू एकटी खुर्चीवर ताठ. डोकं खाली गेलं की डोळ्यात दाब वाढतो. नव्या आलेल्या मुलींना वाटायचं तू इन्स्ट्रक्टर आहेस आणि त्या तुझ्याकडे बघून आसन सुधारायच्या. तूही "गुडघा सरळ कर" म्हणून सांगायचीस.

होळीला तू पोहण्याचा गॉगल लावून आलीस तेव्हा मी तुला ओळखच दाखवली नाही, आठवतंय? सगळा पार्क रंगलेला आणि मध्ये तू, पांढरा कुर्ता आणि निळा गॉगल. पोरं घाबरून तुझ्या जवळ येईनात. मी म्हटलं, "सुजे, घरी बसायचं ना मग." तू म्हणालीस, "घरी बसून डोळा वाचवायचा तर तो वाचवून बघायचं काय?" त्या दिवशी तुझ्या गालाला रंग लावणारी मी एकटी होते, तोही ओला करून, बोटानं, गॉगलपासून लांब.

रात्रीचं ड्रायव्हिंग तू सोडलंस. दिवसा चालवायचीस. संध्याकाळचं कुठे जायचं तर मी होते. माझ्या नवऱ्याला वाटायचं मी तुझ्यावर उपकार करते. उलट होतं ते. गाडीत बसलीस की तू माझं दिवसभराचं ऐकून घ्यायचीस, आणि मधूनच "लेन बदलू नकोस, मागे ट्रक आहे" म्हणून सांगायचीस. एका डोळ्यानं तुला मागचा ट्रक दिसायचा आणि मला दोन डोळ्यांनी नाही, यावर आपण किती वेळा भांडलो. चालताना मी नेहमी तुझ्या उजवीकडे. तिकडून सायकलवाले आले की तुला कळायचं नाही. आता मी कुणाबरोबरही चालले तरी आपोआप उजवीकडे जाते. परवा ऑफिसात मॅनेजरबरोबर कॅफेटेरियात जाताना गेले. त्याला वाटलं मला काहीतरी खाजगी बोलायचंय.

ड्रॉप घातल्यावर नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून तू डोळे मिटून बसायचीस, औषध घशात उतरू नये म्हणून. मिलिंदला आधी वाटायचं तू रागावलीस. मला त्या वेळची तू सगळ्यांत आवडायचीस. डोळे मिटलेले असले की तुझं तोंड खरं बोलायचं. माझी नोकरी गेली, व्हिसाची मुदत डोक्यावर आली, तेव्हा मी तुमच्या सोफ्यावर बसून बडबडत होते आणि तू बोट दाबून ऐकत होतीस. मी म्हटलं, परत जावं लागलं तर? तू डोळे न उघडता म्हणालीस, "गेलीस तर गेलीस. मी बॅग भरायला येईन. पण आज रिझ्युमे नीट कर, भयानक आहे." मग उरलेला वेळ माझ्या रिझ्युमेला शिव्या. पुढचे कितीतरी दिवस तुझ्याकडून डबे येत राहिले. नवी नोकरी लागल्यावर मी आभार मानायला आले तर तू वांगी चिरत होतीस, चष्मा लावून, आणि म्हणालीस, "देठ धर इकडून." मी धरला. आभार राहून गेले ते राहूनच गेले. सुजाता, ते घे आता. उशिरा का होईना.

पण आपलं एक भांडण संपलेलं नाही, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसले.

डॉक्टरांनी तुला तेव्हाच सांगितलं होतं की काही लोकांच्या डोळ्यांना स्टेरॉइड सोसत नाही आणि ते रक्तातून मुलांत येऊ शकतं. तू लेकीला, रियाला, दर उन्हाळ्यात कॉन्टॅक्ट लेन्सच्या नावाखाली डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन दाब मोजून घ्यायचीस. खरं कारण तिला सांगितलं नाहीस. आणि आईंचे ड्रॉप येतच राहिले. दर खेपेला मोजा सोडायचा, बाटली बाजूला काढायची, मला दाखवून कचऱ्यात टाकायची, आणि व्हिडिओ कॉलवर आईंना सांगायचं, "मस्त आहेत गं ड्रॉप, एकदम आराम." मी पलीकडे बसून ऐकायचे आणि मला संताप यायचा.

तू जाण्याच्या थोडेच दिवस आधी ग्रीनवेच्या पायवाटेवर चालताना मी परत विषय काढला. "रियाला तरी सांग. मोठी झालीये ती."

"ग्रॅज्युएशन होऊ दे यार तिचं."

"आणि आई?"

"आई गेल्यावर सगळ्यांना सांगते. मंडळाच्या स्टेजवर उभी राहून सांगते, माइक घेऊन. बस?"

"म्हणजे तोवर मंडळातल्या दर घरात असले ड्रॉप येत राहू देत?"

"मेधा, तिनं प्रेमानं पाठवलेत गं. तिच्या हातानं माझा डोळा गेला हे मी तिला या वयात सांगू?"

मी म्हटलं, तू आईला नाही, स्वतःला वाचवतेयस. तू चालायची थांबलीस. मग आपण परत फिरलो आणि घर येईपर्यंत तू मिलिंदच्या ब्लडप्रेशरबद्दल बोलत राहिलीस. आई आधी जाणार हे आपण दोघींनी धरूनच चाललो होतो. तू जाशील हे कुणाच्या मनात आलं होतं?

आता तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवसाचं सांगते. तुमच्याकडेच होतं, रविवारी सकाळी, म्हणजे नागपुरात संध्याकाळी. सगळे पांढऱ्या कपड्यांत. शार्लटहून आलेल्या कुटुंबानं वंदना घेतली. त्रिशरण, पंचशील म्हणताना मला तुझ्यामुळे शब्द येत होते, मी म्हणत होते, आणि मला आतून काही म्हणजे काही होत नव्हतं. तुझा फोटो तो बिनचष्म्याचा लावला होता. मला तो आवडला नाही. डायनिंग टेबलावर टॅबलेट टेकवून ठेवला होता, त्यात आई. नागपूरहून मिलिंदच्या ताई आल्या होत्या, रियाच्या आत्या. आई येऊ शकत नव्हत्या, त्यांचे गुडघे.

वंदना झाली, लोक ताटं घेऊन इकडेतिकडे बसले. डेकचं दार उघडं होतं, बाहेर ती पिवळी भुकटी. रिया टेबलाशी येऊन आजीशी बोलत होती. रडून रडून आणि त्या परागांनी तिचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते.

"किती लाल झाले बाप्पा डोळे," आई म्हणाल्या. "आत्याच्या बॅगेत ड्रॉप देले मी. टाक दोन थेंब. तुझी आई नेहमी टाके."

"याह, मॉम ऑल्वेज सेड आजीज ड्रॉप्स आर द बेस्ट," रिया म्हणाली.

आत्यांनी पर्समधून मोजा काढला. तोच, सुजाता. राखाडी, पुरुषांचा. रियानं टोपण फिरवलं, खुर्चीच्या पाठीवर मान टाकली.

दोन थेंबांनी डोळा जात नाही, हे मलाही कळतं. पण तुझंही दोन थेंबांपासूनच सुरू झालं होतं, आणि तेव्हाही तुला आराम पडला होता. मी म्हटलं, "थांब."

आधी मी खोटंच बोलायला गेले, तुझ्यासाठी. "एक्स्पायर झाले असतील."

"नाही हो, परवाच घेतलेत, बघा ना," आत्या म्हणाल्या.

"हात धू आधी."

"मावशी, आय जस्ट वॉश्ड," रिया म्हणाली, आणि परत मान मागे टाकली.

तिचं कपाळ तुझ्यासारखं आहे. मी टेबलावरून हात घालून तिच्या हातातली बाटली घेतली, जवळजवळ हिसकावलीच. सगळे बघायला लागले. मिलिंद ताट घेऊन उभा होता. "काय झालं मेधा?"

मला कुणालातरी बाजूला नेऊन सांगता आलं असतं. मिलिंदला, किंवा रियाला वर खोलीत. टॅबलेटही पालथा घालता आला असता. नंतर बऱ्याच जणांनी तेच म्हटलं, की जरा वेळकाळ बघायचा. पण आज बाजूला नेलं असतं तर परत ते बाजूलाच राहिलं असतं, जसं इतकी वर्षं राहिलं. मी तुझं नाव घेऊन सांगितलं. की सुजाताचा डोळा याच ड्रॉपनी गेला. यात स्टेरॉइड आहे, ते वर्षानुवर्षं घातलं की आतला दाब वाढतो, प्रत्येकाचा नाही पण काहींचा वाढतो, तिचा वाढला, रियाचाही वाढू शकतो. की डॉक्टरांनी लेबल दाखवलं तेव्हा मी शेजारी होते. आणि तिनं मला शपथ घातली होती.

मिलिंदनं ताट ठेवलं. "म्हणजे... घराण्यातलं नाही?"

"नाही."

तो बसला. माझ्याकडे बघितलं नाही. अजूनही फारसा बघत नाही. बायकोनं आपल्याला न सांगता मैत्रिणीला सांगितलं, याचं त्याला जे वाटतंय ते मी काही दूर करू शकत नाही. ते तू करायला हवं होतंस.

रिया बराच वेळ टोपणाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "दॅट्स व्हाय शी ड्रॅग्ड मी टु द आय डॉक्टर. एव्हरी समर. आय वॉज सो मीन टु हर अबाउट इट." आणि आत्यांच्या कुशीत शिरली.

आईंचा चेहरा हलत नव्हता. मला वाटलं नेट गेलं. मग त्यांनी पापणी लववली.

"तिले माहीत होतं?"

"हो, आई."

"कधीपासून?"

"डोळा गेला तेव्हापासून."

"अन् मी पाठवत राहिली. अन् ते म्हणत राहिली का आराम आहे." त्यांचा आवाज मोठा नव्हता. "काहून नाही सांगितलं मले? मी त समोरच्या सुनेले देले ते ड्रॉप. तिच्या पोराले देले. अख्ख्या गल्लीत वाटले, का अमेरिकेत माझी पोरगी हेच टाकते म्हणून."

आणि कॉल बंद झाला. त्यांनी केला की गेला, कळलं नाही.

खरं सांगू? त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर मी तुला गदागदा हलवलं असतं. तुझ्या नसलेल्या डोळ्याची काळजी आपण किती केली, उरलेल्याची किती केली, आणि तिकडे एका गल्लीचे डोळे तू आईच्या मायेवर सोडून दिलेस. तुला ते माहीत नव्हतं, मान्य. पण मला राग आला. तू गेल्यानंतर मला काही वाटलं असेल तर ते पहिलं हे.

पुढे आई कुणाचा फोन उचलेनात. आत्या रोज लावायच्या, रिया लावायची. मला तुझं वाक्य सारखं ऐकू यायचं, ती जगायची नाही. मी शेजारच्यांचे नंबर शोधले, कुणी नागपुरात आहे का विचारत बसले. शपथ मोडल्याचं काही नव्हतं गं, पण तू बरोबर निघालीस तर? तू मला सांगून गेली होतीस आणि मी ऐकलं नाही, असं झालं तर? मी मिलिंदच्या दारापर्यंत जायचे आणि बेल न वाजवता परत यायचे.

मग एका दुपारी माझ्याच फोनवर नागपूरचा नंबर आला. मी मीटिंगमधून उठून जिन्यात गेले.

"मेधा होय ना? सुजाताची आई बोलतो."

त्या दमलेल्या वाटत होत्या. मोडलेल्या नाही. समोरच्या सुनेला हाताशी धरून त्या घरोघरी गेल्या होत्या, गुडघे तसेच घेऊन. जिथे जिथे ड्रॉप दिले होते तिथून परत घेतले. काहींनी दिले नाहीत, त्यांच्या दारात बसून राहिल्या. त्या सुनेच्या मुलाला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं, त्याचा दाब वाढलेला निघाला, पण औषधानं उतरेल म्हणाले डॉक्टर. मेडिकलवाल्या पोराशी कचकचून भांडून आल्या. "त्याले म्हटलं, चिठ्ठीशिवाय परत कोणाले देशील त तुझ्या दुकानापुढं येऊन बसीन." म्हणून फोन घ्यायला सवड नव्हती, म्हणाल्या.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. तू यांना जपत होतीस, सुजाता. यांना.

मग आईंनी विचारलं, आणि या वेळी आवाज अगदी लहान झाला होता, "मेधा, मले खरं सांग. दुसऱ्या डोळ्यानं दिसत होतं ना तिले? शेवटपर्यंत?"

मी त्यांना तुझी शेवटची सकाळ सांगितली. की मी कचऱ्याचा डबा ओढत रस्त्याच्या कडेला आले होते, आणि तू पलीकडे तुमच्या मेलबॉक्सपाशी, चहाचा कप हातात. मी हात केला तर तू ओरडलीस, मेधा, स्वेटर उलटा घातलायस, शिवण दिसतेय. मी बघितलं तर खरंच उलटा. तू इतकी हसलीस की चहा सांडलास. बस, एवढंच. मग मी आत गेले.

"रस्त्याच्या पलीकडून?" आईंनी विचारलं.

"हो आई. पलीकडून." आणि तिथे जिन्यात बसून मला रडू फुटलं, लोक जात-येत असताना, तोंडावर हात दाबूनही थांबेना.

आई माझ्याशी बोलत नव्हत्या. फोन बाजूला धरून त्या घरातल्या कुणाला तरी सांगत होत्या, मोठ्यानं, "ऐकलं का, रस्त्याच्या पलीकडून दिसे तिले. शिवण दिसे."